कानोसा

मुलगी बघायला येणारी माणसं मुलाचे गुण सांगतात आणि दोष झाकतात, ही जगाची रीत. नोकरी कच्ची असली तर पक्की म्हणून सांगतात, टक्कल पडायला लागलं असलं तर जुना फोटो पाठवतात. तुळसीला बघायला आलेल्या भवानीबाईंनी मात्र केसरीभाताची बशी खाली ठेवून, मान ताठ करून, सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “आमचा येसू घोरतो. चांगला घोरतो. घराण्याला शोभेल असा.”

तुळसीच्या वडिलांना वाटलं, विहीणबाई गंमत करताहेत. ते हसले. भवानीबाई हसल्या नाहीत.

घराणं शिलेदारांचं. कुणी एक पूर्वज मानाजीराव म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, घोडा स्वतःचा आणि तलवारही स्वतःची. त्यांची कथा या घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायची. मानाजीराव छावणीत उघड्यावर झोपत आणि असे घोरत की शेजारच्या राहुटीतले शिपाई उठून बसत. एकदा घोरता घोरता ते एकदम थांबले. श्वाससुद्धा थांबला. माणसं बघत राहिली. मग एक मोठा हुंकार टाकून मानाजीराव ताडकन उठले आणि म्हणाले, “घोडे येताहेत.” आणि खरोखरच शत्रूचे घोडे येत होते म्हणे. तेव्हापासून या घरातल्या पुरुषाचं घोरणं मध्येच थांबलं की त्याला कानोसा म्हणायचं. शिलेदार झोपेतसुद्धा शत्रूची चाहूल घेतो. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, आणि झोपलेल्याला हात तर मुळीच लावायचा नाही.

आता म्हैसूर शहरातल्या विजयनगर वसाहतीच्या चौथ्या टप्प्यात, गॅस एजन्सी आणि ब्यूटी पार्लरच्या मधल्या घरात कोणाचे घोडे येणार होते ते मानाजीरावच जाणोत.

तुळसीला या सगळ्याची पहिल्या आठवड्यापासून शिसारी आली. येसाजीराव घोरत म्हणजे नुसता आवाज करत नसत. आधी घशात काहीतरी खरवडायचं, मग नाकात शिट्टी वाजायची, मग ओठ फडफडायचे आणि त्यातून लाळ उशीवर उतरायची. सकाळी त्या उशीवर पिवळा डाग असायचा, जुन्या डागाच्या बाहेर नवा. तुळसी ते अभ्रे दोन बोटांनी उचलून गरम पाण्यात टाकायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. उठल्या उठल्या ते बोलायला तोंड उघडायचे तेव्हा आंबूस वास यायचा. ती बिचारी श्वास रोखून “हं, हं” करायची. त्या घरात श्वास रोखायचं काम असं दोघांनी वाटून घेतलं होतं.

तुंगा झाली तेव्हा बाळाची झोपमोड होते हे निमित्त सापडलं आणि तुळसी शेजारच्या खोलीत झोपायला गेली. तुंगा आता सातवीत होती. तुळसी परत आली नव्हती.

खरं तर माणूस वाईट नव्हता. लग्नानंतरची पहिली वर्षं दोघं रविवारी संध्याकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्याभोवती फिरायची आणि येसाजीराव तिला प्रत्येक पक्ष्याचं नाव चुकीचं सांगायचे. बगळ्याला करकोचा म्हणायचे, आणि तिनं हरकत घेतली की बगळ्यालाच समजावून सांगायचे की बाबा रे, तू करकोचा आहेस. तो माणूस हळूहळू नाहीसा झाला. मान जाड होत गेली, पोट पुढे आलं, आणि झोप दिवसाउजेडी घरभर पसरली. विमा कंपनीच्या कचेरीत समोर माणूस बसलेला असताना ते डुलकी घ्यायचे. तळ्यावर गेले तर पहिल्या बाकावर बसून तोंड उघडं टाकायचे. एकदा तुळसीच्या युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, त्यांच्यासमोर गुलाबजाम तोंडात असतानाच त्यांचा डोळा लागला. पाक हनुवटीवरून शर्टावर ओघळला. मैत्रिणी खिडकीबाहेर बघायला लागल्या. तुळसीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी हा माणूस आत जावा, मग मी.

पण या सगळ्याहून तिला जास्त किळस यायची ती सासूच्या एका कथेची.

सासरे वेंकोजीराव तुळसीच्या लग्नाआधीच गेले होते. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. त्यांचे वडीलही असेच, झोपेत. “आमच्याकडचे पुरुष अंथरुणाला खिळत नाहीत,” भवानीबाई सांगायच्या, जसं काही ही सोय घराण्यानं करून ठेवली होती. दर खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली, मटणाचं जेवण झालं, की चुलते-पुतणे हॉलमध्ये लोळत आणि कुणीतरी म्हणे, “वहिनी, अण्णांचं सांगा.” मग भवानीबाई नवऱ्याच्या फोटोखालच्या खुर्चीत बसून सांगायच्या. रविवारची दुपार होती. वीज गेली होती. त्या नवऱ्याला वाळ्याच्या पंख्यानं वारा घालत होत्या. तो घोरत होता, सिंहासारखा. मग कानोसा लागला. त्यांनी पंखा थांबवला. मुलांना बाहेर घालवलं. शेजारचा रेडिओ बंद करायला सांगितला. पंखा हातात धरून त्या बसून राहिल्या. “इतका मोठा कानोसा मी जन्मात पाहिला नव्हता,” भवानीबाई म्हणायच्या. “घेतच राहिले, घेतच राहिले. कानोसा घेता घेता गेले. मी जवळ होते आणि मी नखाएवढा आवाज केला नाही.”

सगळे उसासा टाकायचे. कुणी डोळे पुसायचे. तुळसी स्वयंपाकघरात खरकट्या ताटांतली हाडं गोळा करत हे ऐकायची. माणूस समोर मरतो आणि बाई पंखा धरून बसते, आणि वर मिरवते! ती हाडं जोरात बादलीत टाकायची, मुद्दाम, आवाज करून.

त्या वर्षी उन्हाळ्यात एच. डी. कोटेला येसाजीरावांच्या मावसभावाकडे बारसं होतं. परत येताना गाडी येसाजीराव चालवत होते. सरळ रस्ता, भर सकाळ, दोन्ही बाजूंना उसाची शेतं. तुळसी मागे बसून शिदोरीचा डबा सावरत होती. गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली तेव्हा तिला वाटलं, हे कुठेतरी थांबताहेत. मग तिनं आरशात पाहिलं. येसाजीरावांचे डोळे मिटलेले होते आणि खालचा ओठ लोंबत होता. ती ओरडली तोवर गाडी मैलाच्या दगडावर आदळली होती. पुढे बसलेल्या तुंगाचं तोंड समोर आपटलं. तिचा एक दात अर्धा तुटला.

बातमी कळली तशी माणसं भेटायला आली. शंभूकाका, म्हणजे वेंकोजीरावांचे धाकटे भाऊ, सोफ्यावर ऐसपैस बसून तुंगाला म्हणाले, “अय्यो, येवढ्याला रडतात काय पुट्टी! आपले मानाजीराव घोड्यावर बसून झोपायचे. घोडा चालायचा, हे झोपायचे. तुझा अप्पा त्यांचाच की, अल्वा, हो की नाही?” आणि ते हसले. भवानीबाईही हसल्या. येसाजीरावही ओशाळं हसले. तुंगा रक्ताळलेला रुमाल तोंडाशी धरून या सगळ्यांकडे बघत होती. तुळसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसांना घोडा आणि मारुती गाडी यांतला फरक कळत नाही, आणि आपण यांची हाडं गोळा करतो.

दुसऱ्या दिवशी तिनं कुणाला न विचारता जयलक्ष्मीपुरममधल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि नवऱ्याला रिक्षात घालून नेलं.

डॉक्टर कृष्णमूर्ती बारीकसे, शांत गृहस्थ. त्यांनी येसाजीरावांच्या मानेचं माप घेतलं, तोंडात बॅटरी मारून घसा पाहिला, वजन पाहिलं. मग तुळसीला कन्नडमध्ये विचारलं, “घोरता घोरता यांचा श्वास मध्येच थांबतो का हो?”

“थांबतो की,” तुळसी म्हणाली. “आमच्या घरात त्याला नाव आहे.” आणि तिनं चिडून कानोशाची सगळी कथा सांगितली, मानाजीरावांपासून.

डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले. “हे बघा,” ते म्हणाले, “झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. यांचा घसा मुळात अरुंद, त्यात मानेवर चरबी. हवा चिंचोळ्या जागेतून जाते म्हणून आवाज होतो, ते घोरणं. आणि घसा पुरता मिटला की हवाच जात नाही. छाती ओढत राहते, आत काही येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. शेवटी मेंदू घाबरून यांना अर्धवट जागं करतो, तो तुमचा हुंकार. यांना पत्ताही नसतो. असं तासातासाला कितीतरी वेळा होत असणार. माणूस रात्रभर झोपतो आणि झोप मिळतच नाही, म्हणून दिवसा पेंगतो. शिवाय रक्तदाब वाढतो, हृदय थकतं. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. हे कोणाची चाहूल घेत नाहीत बाई. हे गुदमरताहेत.”

मग त्यांनी सहज विचारलं, “वडील आहेत?”

“झोपेत गेले,” तुळसी म्हणाली.

“आजोबा?”

“तेही.”

तिचं तिलाच ते ऐकू आलं. इतकी वर्षं ती नाक मुरडत आली होती, पण हे दोन जबाब तिनं कधी एकापाठोपाठ उच्चारले नव्हते. शेजारी येसाजीराव खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. तोंड उघडं होतं, आणि तुळसीला त्या तोंडाची किळस आली तशीच भीतीही वाटली. याला पन्नाशीला तीन वर्षं होती.

झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले होते त्याहून वाईट निघालं. वजन उतरवायला सांगितलं, गाडी चालवायला मनाई केली, आणि एक यंत्र लिहून दिलं. टिफिनच्या डब्याएवढी पेटी, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. पेटी हवा फुंकत राहते, त्या दाबानं घसा मिटत नाही. “झोप कुठलीही असो, दुपारची डुलकीसुद्धा, हे लावल्याशिवाय नाही,” डॉक्टरांनी बजावलं.

पहिले चार दिवस येसाजीरावांनी कटकट केली. पाचव्या दिवशी ते सकाळी लवकर उठून अंगणात उभे राहिले आणि विजेच्या तारेवरच्या कावळ्याकडे बोट दाखवून तुळसीला म्हणाले, “तो बघ, गरुड.” तुळसी आत गेली आणि मोरीत नळ सोडून रडली.

भवानीबाईंना मात्र हे यंत्र डोळ्यांसमोर नको झालं. “शिलेदाराच्या पोराला सोंड लावली,” त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. “घर कसं मसणवटीसारखं झालंय. पुरुष घरात असून आवाज नाही. मला झोप लागत नाही, मत्ते, मग काय तर!” तुळसीनं त्यांना डॉक्टरांचं सगळं म्हणणं समजावून सांगितलं, दोनदा, कन्नड शब्द घालून. कानोसा म्हणजे गुदमरणं, हेही सांगितलं. भवानीबाईंनी तोंड फिरवलं. “तुझ्या त्या डॉक्टरला काय ठाऊक आमचं घराणं,” म्हणाल्या, आणि पदरानं फोटो पुसायला लागल्या. तुळसीच्या जिभेवर आलं होतं की अत्ते, तुम्ही नवऱ्याला मरताना बघत बसलात. तिनं ते गिळलं. पण टाकून दिलं नाही. कधीतरी लागेल म्हणून जपून ठेवलं.

खंडेनवमी आली. सकाळी तुळसी फुलं घेऊन बाजारातून आली तर पूजेची मांडणी झालेली होती. चौरंगावर मानाजीरावांची तलवार, जवळ विळी, पाना, तुंगाची सायकल पुसून उभी, गाडीच्या चाकाखाली लिंबं. आणि तलवारीशेजारी ती पेटी. पेटीवर हळदीकुंकवाची बोटं, नळीला शेवंतीची माळ, आणि मास्कच्या आत, जिथे नाक जातं तिथे, कुंकवाचा भलामोठा टिळा.

“बघितलंस?” भवानीबाई म्हणाल्या. “म्हणतेस ना मी राग करते त्याचा? यंत्र ते यंत्र. मान दिला.”

पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायचं, तोवर हात लावायचा नाही, हा नेम सगळ्या म्हैसूरला ठाऊक. सुतार करवत उचलत नाही, शिंपी कात्री उचलत नाही. तुळसीला सासूचा डाव कळला. एक दिवस तरी घरात घोरणं ऐकायचं होतं म्हातारीला, आणि तेही देवाच्या आडून. मास्कमध्ये ओलसर लाल चिखल झाला होता.

“तुम्ही आज झोपायचं नाही,” तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. “उद्या माळ काढली की काय झोपायचं ते झोपा.”

“नाही झोपत गं,” येसाजीराव म्हणाले. त्यांना ते खरंही वाटत होतं.

पण मटण होतं, चित्रान्नाचा पिवळा भात होता, होळीगे म्हणजे पुरणपोळ्या होत्या, आणि शंभूकाका आग्रह करायला होते. जेवणं झाली. हॉलमध्ये चटया पसरल्या. आठ-दहा पुरुष ढेकर देत, दात कोरत आडवे झाले. कुणाच्या तोंडाला मसाल्याचा वास, कुणाच्या पायाला. तुळसी ताटं उचलत होती तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. घशातलं खरवडणं, मग शिट्टी.

“आहाहा!” शंभूकाका म्हणाले. “किती महिन्यांनी! हां वहिनी, आता सांगा अण्णांचं.”

तुळसी हातातली ताटं तशीच ठेवून दाराशी आली. येसाजीराव भिंतीशी उताणे पडले होते, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात रश्श्याचा लाल ओघळ. भवानीबाई खुर्चीत सरसावून बसल्या. मांडीवर तोच वाळ्याचा पंखा होता, या कथेसाठी तो दरवर्षी कपाटातून निघायचा.

“रविवारची दुपार,” भवानीबाईंनी सुरुवात केली. “वीज नव्हती. मी वारा घालत होते. घोरत होते, सिंहासारखे...”

येसाजीरावांचं घोरणं तुटलं.

खोली गप्प झाली. शंभूकाकांनी ओठावर बोट ठेवलं. दोघा-तिघांनी हसून एकमेकांना खुणावलं. तुळसी पुढे निघाली तशी एका चुलत सासऱ्यानं तिच्या वाटेत हात आडवा धरला. “सुम्ने, सुम्ने! गप्प राहा. कानोसा लागलाय.”

येसाजीरावांची छाती वर ओढली जात होती आणि पोट आत. काही येत नव्हतं, काही जात नव्हतं. ओठांचा रंग पालटत होता. तुळसीनं तो आडवा हात झिडकारला, पण मध्ये चटया होत्या, माणसं होती, पाय होते.

“...मग मी पंखा थांबवला,” भवानीबाई म्हणाल्या.

आणि त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं, सगळ्यांनाच पाठ होतं. ते आलं नाही. त्या मुलाच्या छातीकडे बघत होत्या, ती कशी ओढते आणि रिकामी राहते ते. हे त्यांनी आधी पाहिलेलं होतं. एवढ्याच जवळून, एवढाच वेळ.

मग ती सत्तरीची बाई खुर्चीतून अशी उठली की खुर्ची मागे पडली. तिनं पंख्याची मूठ येसाजीरावांच्या खांद्यावर हाणली. “येसू! ऊठ! ऊठ रे! श्वास घे मुडद्या!” दुसरा तडाखा, तिसरा. येसाजीरावांनी एक भयंकर हुंकार टाकला, कुशीवर वळले, खोकले, आणि त्या खोकल्यासरशी रस्सा आणि लाळ आईच्या पातळावर उडाली.

“वहिनी! कानोसा मोडलात!” शंभूकाका ओरडले. “घराण्यात आजवर कुणी...”

“गप्प बसा!” भवानीबाई म्हणाल्या. 

त्या चौरंगाशी गेल्या. शेवंतीची माळ ओढून काढली. पेटी उचलली, मास्क उलटा केला आणि पदराचं टोक आत घालून कुंकू पुसायला लागल्या. “उद्यापर्यंत हात लावायचा नसतो...” मागून कुणीतरी पुटपुटलं. त्या पुसत राहिल्या. कुंकू निघेना. तुळसीनं त्यांच्या हातातून मास्क घेतला, साबणानं धुऊन आणला, आणि पुन्हा पेंगायला लागलेल्या नवऱ्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसून त्याच्या नाकावर बसवला. पेटी फुंकायला लागली. छाती उठली, बसली, उठली.

भवानीबाई खाली चटईवरच टेकल्या होत्या. पातळावरचा डाग त्यांनी पुसला नव्हता.

“तुळसी,” त्या हळू म्हणाल्या, “मी पंखा का गं थांबवला?”

तुळसीजवळ उत्तर होतं. कित्येक महिने जपून ठेवलेलं, धार लावलेलं. ते तिनं तोंडाशी आणलं, आणि जिची इतकी वर्षं किळस केली त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं असतं,” ती म्हणाली. “हलवून जाग आलीच असती, असं नाही अत्ते.” डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तिनं त्यांना हे विचारलंच नव्हतं.

भवानीबाईंनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

पाहुणे कुजबुजत उठले, चपला शोधायला लागले. डोक्यावर विजेचा पंखा गरगरत होता. तरी भवानीबाईंनी वाळ्याचा पंखा उचलला आणि येसाजीरावांना वारा घालायला घेतला. चहाची वेळ झाली, तुळसीनं हाक मारली, कप शेजारी आणून ठेवला, त्यावर साय धरली. मुलगा जागा होऊन उठून बसेपर्यंत त्यांनी पंखा थांबवला नाही.